झाकणाच्या आतला लाल

॥ श्री ॥
जळगाव जामोद
ता. ९ ऑक्टोबर १९६६

गं. भा. मंजुळास,
सुभद्राचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दोन वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस. इकडे सर्व खुशाल आहेत. येत्या निवडणुकीत पंचायत समितीसाठी ह्यांचे नाव घेतात लोक. कोकिळा मॅट्रिकला आहे, दिवसभर पुस्तकात नाक. सगळे म्हणतात काकूवर गेली. मी म्हणते नशिबाने नको जायला. आत्याबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, जिभेत मात्र काही उतरलेले नाही. तुझी बेबी दुसरीत गेली. तिची काळजी करू नकोस, ती तुझे नावही काढत नाही.

पत्रास कारण आपला बागेतला तो ठेंगणा ट्रॅक्टर. अकोल्याच्या साहेबाने देश सोडताना मामंजींना दिलेला. तुळशीभाऊजींवर उलटून ते गेले, तेव्हापासून तो चिंचेखाली गंजत होता. आता जानेवारीत खामगावला शेतीचे प्रदर्शन आहे, त्यात जुनी यंत्रे मूळ रूपात मांडायची आहेत. ह्यांनी मनावर घेतले. मिस्त्रीने इंजिन चालू केले आणि गंज घासण्याआधी सगळा पत्रा कॉस्टिक सोड्याने धुऊन काढला. मागाहून आमंत्रणातली ओळ वाचली, की रंग मूळचाच असावा. तोवर पत्र्यावर जुन्या रंगाचा कणसुद्धा उरला नव्हता.

खामगावच्या उत्तम नावाच्या पेंटरने तीन लाल कालवून दाखवले. ह्यांना पहिला पटतो, कोकिळेला दुसरा. आत्याबाई म्हणाल्या तिन्ही चूक, पण त्यांना तर सुनेच्या हातचे वरणही चूकच लागते. मग मला तुझी ट्रंक आठवली. साहेबाने दिलेल्या डब्यातला उरलासुरला रंग तुळशीभाऊजींनी तुझ्या ट्रंकेला दिला होता. नवरीच्या ट्रंकेला ट्रॅक्टरचा रंग म्हणून आम्ही किती हसलो होतो. तर त्याची नखाएवढी खपली काढून पाकिटात घालून पाठव. घराच्या नावाचा प्रश्न आहे. ट्रॅक्टर उलटला त्या दिवशी लवकर जेवायला या असा निरोप तू शेतात धाडला नसतास तर त्यांनी घाई केली नसती, असे लोक म्हणतात. आम्ही मात्र तुला कधी शब्दाने दुखवले नाही, हे ध्यानात असू दे.

लोभ आहेच, तो तुझ्या वागण्याने वाढो.
तुझी मोठी जाऊ,
सौ. सुभद्रा


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
ता. १६ ऑक्टोबर १९६६

ती. सौ. मोठ्या बाईंचे सेवेशी,
मंजुळाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आत्याबाईंच्या डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. इथं नारायणदादा, वहिनी, पोरं सगळे बरे आहेत. मी मशीनवर गावातल्या बायांचे पोलके शिवते, दिवस जाते.

ट्रंक माझ्याजवळच आहे. माझी लुगडी अन् ह्यांचे दोन सदरे तिच्यात असतात. खपली देण्याले मी नाही म्हणत नाही.

निरोपाचं मात्र लिहून ठेवते. मी निरोप धाडला नव्हता, भाकर मी स्वतः घेऊन गेली होती. बांध ओला आहे, आज त्यावर मशीन नेत नाही, असं हे सकाळी बोलले होते. मोठे भाऊजी म्हणाले, भेत असशील तर बांगड्या भर. हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा लिहून राह्यली अन् पुन्हा लिहिणार नाही.

माझी एकच विनंती आहे. एक महिना माहेरी राहून ये म्हणून तुम्ही मले इथं धाडलं तेव्हा बेबी अडीच वर्षांची होती. बापाच्या घरची पोर बापाच्या घरी राहील, असं म्हणून तिले ठेवून घेतलं. दोन वर्षांमागं मी आली तर ती शाळेत गेली म्हणून मले दारातूनच परत धाडलं. तो रविवार होता. दादा म्हणतो, ते मोठे लोक आहेत, भांडून पोर हाती लागायची नाही. म्हणून मी भांडत नाही. दिवाळीचे चार दिवस तिले पाठवा. खपली मी तिच्याच हाती देईन.

लहान जावेवर असू द्याल तेवढी माया असू द्यावी.
तुमची,
मंजुळा


॥ श्री ॥
जळगाव जामोद
ता. २७ ऑक्टोबर १९६६

गं. भा. मंजुळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरीच्या हाती खपली द्यायची म्हणजे हा सौदाच झाला. घरच्या माणसांत असे शोभत नाही. तरी मी तुझी बाजू घेऊन ह्यांच्याशी बोलले. आत्याबाईंच्या समोर ह्यांनी शब्द दिला आहे, की भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी कोकिळेसोबत बेबीला एस. टी. त बसवून देऊ. पण खपली आधी हवी. उत्तम पेंटर दर आठवड्याला एस. टी. ने हेलपाटा मारतो आणि आम्हाला चहा पाजावा लागतो.

बेबीला नवा झगा शिवून ठेव. झग्याची उंची बावीस इंच, छाती तेवीस. अंगाने भरली आहे, आमच्याकडचे दूध मानवले तिला. मला आई म्हणते, ती आली म्हणजे ऐकशीलच. वाईट वाटून घेऊ नकोस, पोरांचे असेच असते.

जीव लहान करून बसू नये, ही मोठेपणाची आज्ञा.
सौ. सुभद्रा


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
ता. ३ नोव्हेंबर १९६६

ती. सौ. मोठ्या बाईंचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या भाऊजींनी आत्याबाईंसमोर शब्द दिला, हे वाचून बरं वाटलं. सौदा म्हणून लिहिलं नव्हतं, तसं वाटलं असेल तर माफी असावी.

खपली सोबत आहे. पेंटरले एक सांगा. ट्रंक खिडकीखाली असते, पाच वर्षांच्या उन्हानं बाहेरचा रंग विटून विटेसारखा झाला. झाकणाच्या आत मात्र कापडाचं अस्तर होतं. ते मी उसवलं तर खाली रंग जसाच्या तसा निघाला, पिकल्या मिरचीचा लाल, जरा काळसर झाक असलेला. तिथली खपली काढली. सुरीनं हळूच काढली, तुटली नाही.

झगा शिवून झाला. बेबीले शेवयाची खीर चालते का तेवढं कोकिळाले विचारून कळवा. मी पंधरा तारखेले सकाळपासून स्टँडावर असेन.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
मंजुळा


॥ श्री ॥
जळगाव जामोद
ता. २४ नोव्हेंबर १९६६

गं. भा. मंजुळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झकास झाली. कामाच्या गर्दीत कळवायचे राहिले, बेबीला त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून पाठवले नाही. आता लिहितेच आहे तर खरे लिहिते, तिलाच यायचे नव्हते. पिंपळगावला कोण राहते म्हणून विचारत होती. रडणारी पोर एस. टी. त कोंबून पाठवणे मला बरे दिसले नाही. तू तीन दिवस स्टँडावर बसून होतीस, असे तिकडून आलेल्या एका पाहुण्याने सांगितले. लोकांत असे करू नये गं, नाव आमचे जाते.

तुझी खपली पोस्टाच्या शिक्क्याखाली सापडून भुगा झाली. पेंटर म्हणतो भुग्यावरून रंग जुळत नाही, तळहाताएवढा पत्राच कापून हवा. आत-बाहेर तू काय लिहितेस ते मला कळत नाही, रंग तो रंग. कुठलाही तुकडा दे, पण लवकर दे. ट्रंकेला भोक पडेल, पण तुला आता ट्रंक घेऊन जायचे तरी कुठे आहे.

झगा पोस्टाने पाठवलास तरी चालेल.
आमचा लोभ आहे तसाच आहे, तू पात्र राहा.
सौ. सुभद्रा


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
ता. ३० नोव्हेंबर १९६६

ती. सौ. मोठ्या बाईंचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

गावच्या लोहाराकडून पत्रा कापून घेतला. तळहातापेक्षा बोटभर मोठाच आहे. खिडकीकडच्या बाजूचा आहे. पेंटरले म्हणा, हा समोर धरून हुबेहूब जुळवा, तसूभर फरक नको. मोठ्या भाऊजींचा ट्रॅक्टर प्रदर्शनात सगळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा.

बाकी काही मागणं नाही.
मंजुळा


॥ श्री ॥
जळगाव जामोद
ता. २२ जानेवारी १९६७

ती. मंजुळाकाकूस,
कोकिळाचा सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहीत आहे. उत्तर पाठवलेस तर पाकिटावर माझे नाव घाल.

गेल्या रविवारी प्रदर्शन झाले. आपल्या ट्रॅक्टरला पहिला नंबर मिळाला. बाकीची यंत्रे गंजलेली नाहीतर भलत्याच रंगाची होती, आपला एकटाच चकचकीत. समोर पाटी होती, मालक व चालक श्री. रामराव. तुळशीकाकांचे नाव कुठेच नव्हते. बाबांना तो चालवताना मी तरी कधी पाहिलेले नाही.

आजीने मलाही न्या म्हणून हट्ट धरला. बाबांना वाटले, म्हातारी आई सोबत दिसलेली बरी. तिथे ती ट्रॅक्टरजवळ गेली, बॉनेटवरून हात फिरवला, चांगला डोळा पत्र्याला लावून पाहिला, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, हा रंग नाही. ही वीट आहे, माह्या तुळशीचा लाल मिरचीचा होता. रामा, त्याचं नाव खाल्लं ते खाल्लं, रंगही काऊन खाल्ला. परीक्षक थांबले. बाबांनी हसून त्यांना सांगितले, की आईला मोतीबिंदू आहे आणि भाऊ गेल्यापासून डोक्यावरही परिणाम आहे. लोकही हसले. बाबांनी बेबीला पुढे करून आजी कशी आहे गं म्हणून विचारले, तर ती आजी येडी म्हणाली. हे तिला घरी शिकवलेले आहे, तिला त्यातले काही कळत नाही.

आजी तरी मागे हटली नाही. मग उत्तम पेंटरने खिशातून तुझा पत्र्याचा तुकडा काढून बॉनेटवर धरला. तुकडा कुठे संपतो आणि ट्रॅक्टर कुठे सुरू होतो ते दिसेना. आजीने विचारले, हा कुठला. पेंटर म्हणाला, मंजुळाबाईंच्या ट्रंकेचा. आजीने तो हातात घेऊन डोळ्याशी धरला. मग म्हणाली, मंजुळानं धाडला म्हणजे खोटा नसन. मंग मीच विसरली.

त्या दिवसापासून ती जेवत नाही. दोन घास खाते आणि ताट सारते. मला जवळ बसवून विचारते, तुळशी कसा होता गं. मी सांगते, उंच होता, सावळा होता. ती म्हणते, मलेही तसाच आठवते, पण मले आठवते ते खरं कशावरून.

आणखी एक सांगायचे आहे, रागावू नको. दिवाळीत बेबीला कणकण वगैरे काही नव्हती. तिची आई तिच्या बाबांसोबतच वारली, असे तिला सांगितलेले आहे. मग तिला पिंपळगावला कोणाकडे म्हणून पाठवणार होते.

मला जमले नाही ते तू करशील, या आशेने थांबते.
तुझी पुतणी,
कोकिळा


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
ता. २७ जानेवारी १९६७

ती. आत्याबाईंचे चरणी,
मंजुळाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कोकिळा तुमच्या कानाशी बसून वाचून दाखवील.

आत्याबाई, तुम्ही विसरल्या नाहीत. तुम्हीच खरं बोलल्या. तो तुकडा उन्हानं विटलेल्या बाजूचा होता अन् मले ते माहीत होतं. बेबीले पाठवतो म्हणून पाठवलं नाही, त्याचा राग आला. मोठ्या भाऊजींचं चार लोकांत हसं व्हावं म्हणून मी मुद्दाम धाडला. त्यांच्या जागी तुमचं हसं होईल हे माह्या मनात आलं नाही. तुम्ही माह्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःले खोटं पाडलं, हे वाचलं अन् मशीन बंद करून हे पत्र लिहायले बसली.

रंग मिरचीचाच होता. ते उंच होते, सावळे होते. उजव्या भिवईत लहानपणी विळा लागल्याची रेघ होती, तिथं केस येत नव्हते. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय होती. तुम्हाले जे आठवते ते सगळं बरोबर आहे. मी बायको होती, मी सांगते.

दादाच्या मुलीचं लग्न तीन तारखेले आहे, घरात हाताखाली दुसरं कोणी नाही. ते झालं की रविवारी मी झाकण काढून घेऊन येते. अस्तराखालचा रंग तुमच्या चांगल्या डोळ्यापुढं धरते. मोठे भाऊजी मारतील तर मारू देत. तोवर तुम्ही जेवा.

पायाजवळ जागा मागणारी,
तुमची धाकटी सून,
मंजुळा


जळगाव जामोद
ता. ४ फेब्रुवारी १९६७

गं. भा. मंजुळास,

पत्र वाचून फाडून टाकावे. आत्याबाई बुधवारी सकाळी वारल्या. शेवटी त्या शांत होत्या, काही मागितले नाही.

तुझे पत्र सोमवारीच आले होते. या घरी पाकिटावर नाव कोणाचेही असो, ते आधी माझ्या हाती येते. मी ते वाचले. आत्याबाईंना वाचून दाखवले नाही. जाणाऱ्या माणसाला पुन्हा घोळात टाकणे बरे नव्हे. एक रंग पत्करून त्या स्वस्थ झाल्या होत्या.

ह्यांनीही पत्र वाचले. त्यांना राग आला नाही, वाईट वाटले. घरच्या माणसांना चार लोकांत तोंडघशी पाडायला निघालेली बाई, असे ते म्हणाले. तिच्या हाती पोर कोणत्या भरवशावर द्यायची, हे आता तूच सांग. बेबीविषयी पुन्हा लिहू नये. तेरा तारखेला सोमवारी तेरवी आहे, तू येण्याची गरज नाही.

कोकिळेचे लग्न उन्हाळ्यात उरकायचे ठरवले आहे. मॅट्रिकनंतर शिकून तरी काय करायचे.

सौ. सुभद्रा


पिंपळगाव राजा
ता. १५ फेब्रुवारी १९६७

चि. कोकिळास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुह्या शाळेतल्या बाईंच्या पत्त्यावर धाडते. माह्यापायी तुह्या शाळेवर गदा आली, ते मले कळलं. त्याची माफी कोणत्या शब्दांत मागावी ते सुचत नाही.

मी तेरवीले येऊन गेली. तू मागं बायांत बसलेली होती, तुले दिसली नसेन. पहिल्या एस. टी. नं आली. झाकण लुगड्याच्या तुकड्यात बांधून काखेत धरलं होतं. ट्रॅक्टर फाटकाजवळच उभा होता, त्याले हार घातलेला होता. आत्याबाईंच्या तेरवीले तो काऊन सजवला ते विचारायले कोणी नव्हतं. मांडवात निवडणुकीचे लोक बसले होते.

तुहे बाबा मले पाहून बाहेर आले. मी ट्रॅक्टरजवळ गेली. झाकण सोडलं अन् उलटं करून ट्रॅक्टरच्या बाजूले धरलं. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळखलं त्यांनी, त्यांच्या तोंडावरून कळलं. भावाचं मशीन रोज पाहिलेला माणूस तो लाल कसा विसरेल. मग ते हळूच म्हणाले, की पेपरातला प्रदर्शनाचा फोटो काळापांढरा आहे, त्यात कोणता लाल ते कोणाले दिसते. अन् पंगतीले उशीर होते म्हणून आत गेले. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. मारलं असतं तर बरं, एवढं मले तिथं उभं राहून वाटलं.

मी फाटकाजवळच्या दगडावर बसली. तेवढ्यात एक पोरगी पाण्याचा गडवा घेऊन आली. आल्या-गेल्याले पाणी द्यायचं काम तिले लावलं असेल. दोन वेण्या होत्या, समोरचा एक दात पडलेला होता. मी ओळखलं नसतं, पण तिच्या भिवया पाहिल्या, बापाच्याच. तिनं विचारलं, तुम्ही कोण. मी तोंड उघडलं, तर मांडवातून तुह्या आईनं मोठ्यानं सांगितलं, की पिंपळगावची बाई आहे, जुना पत्रा विकायले आली. बेबीनं झाकण पाहिलं. म्हणाली, हा आमच्या ट्रॅक्टरसारखा नाही. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, आमचाच खरा आहे, त्याले बक्षीस भेटलं. मी हाव म्हटलं.

तू म्हणशील, काकूनं सांगितलं काऊन नाही. सांगणार होती. आत्याबाईंनी भर लोकांत खरं सांगितलं तर त्यांले येडी ठरवलं, अन् ते येडी म्हणायले हीच पोर पुढं केली होती. मी सांगितलं असतं तर तिनं आत जाऊन विचारलं असतं, अन् आतून काय उत्तर आलं असतं ते तुले माहीत आहे. उद्यापासून माह्या नावानंही तिनं तेच म्हटलं असतं. तिची आई मेली असं तिले वाटते तोवर निदान ती आईले येडी म्हणत नाही. मी पाणी पिऊन गडवा परत दिला. ती पळत दुसऱ्या पाहुण्याकडं गेली, मागं वळून पाहिलं नाही. काऊन पाहील.

तुह्या लग्नाआधी तुले एक काम सांगते. गडवा द्यायले वाकली तेव्हा दिसलं, तिच्या डाव्या कानामागं खरूज झाली आहे, घट्ट वेणीखाली ती झाकली गेली आहे. कोणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी करून रोज सकाळी धू अन् वेणी सैल घालत जा. ती ओरडेल, तरी धू.

तेवढं झालं का ते एका ओळीनं कळव.
काकू